गिरणीच्या दारात मिळालेलं आडनाव

माझं आडनाव मी इथं लिहिणार नाही. लिहिलं की सोलापुरातल्या कितीतरी घरांत "ही आपल्यातली कोण?" म्हणून चौकशा सुरू होतील, आणि तसल्या चौकशा मी आयुष्यात पोटभर ऐकल्या आहेत. एवढंच सांगते, मंद्रूपच्या पुढं एक गाव आहे. त्या गावाच्या नावाला 'कर' जोडला की आमचं आडनाव तयार होतं. अर्थ म्हणाल तर तेवढाच. त्या गावचा माणूस.

हे आडनाव सोलापुरात पैशाला पासरी. मी सात रस्त्याजवळच्या एका शाळेत बत्तीस वर्षं कारकून होते. दर जूनमध्ये प्रवेशाचे अर्ज यायचे, आणि एकेका वर्गात आमच्या आडनावाची तीन-चार पोरं निघायची. मग मास्तर त्यांना रिक्षावाल्यांचा, दूधवाल्यांचा, नवी पेठेतला असं म्हणून वेगळं करायचे. माझ्या टेबलाशी आलेला एखादा पालक माझ्या नावाची पाटी वाचून खुलायचा. "म्हंजे तुमी आमच्याच की!" मी म्हणायची, "अर्जावर सही करा."

आता तर या आडनावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. माझ्या भावानं मला न विचारता त्यात घातलं. तिथं दर आठवड्याला कुणीतरी घोड्यावर बसलेल्या सरदाराचं चित्र टाकतं आणि खाली लिहितं, हे आपले मूळ पुरुष. कोणत्या किल्ल्यावर होते, कुणाच्या सैन्यात होते, ते दर वेळी बदलतं. घोडा मात्र तोच. आमची माणसं पिढ्यान् पिढ्या मेंढरं राखत होती. घोडा त्यांनी बघितला असेल तर तो वसुलीला आलेल्या साहेबाचा.

आणि गंमत अशी, की ज्या गावाच्या नावाचं हे आडनाव, त्या गावात या आडनावाचं एकही घर नाही. तिथं सगळ्यांना त्यांच्या जुन्या कुळाच्या नावांनी ओळखतात. गावातच राहणाऱ्याला 'त्या गावचा' म्हणायचं कारणच काय? तसं म्हणायचं कारण पडलं ते गाव सोडल्यावर, सोलापुरात, गिरणीच्या दारात.

ती गोष्ट माझे वडील सांगायचे, आणि फार छान सांगायचे. घरी पाहुणे आले, जेवणं झाली, पान फिरलं, की कुणीतरी म्हणायचंच, "ती हजेरीची सांगा की." बाबा आधी नको नको म्हणायचे आणि मग मांडी बदलून सुरू करायचे.

दुष्काळाचं साल होतं. माझे आजोबा आणि गावातले आणखी काही जण चालत सोलापूरला आले. गिरणीच्या दारात रांग लावली. आत टाइमकीपर हजेरीपुस्तक घेऊन बसलेला. त्यानं आजोबांना नाव विचारलं, ते त्यांनी सांगितलं. बापाचं नाव विचारलं, तेही सांगितलं. मग त्यानं विचारलं आडनाव, आणि आजोबा गप्प. त्यांना वाटलं, नाव झालं, बापाचं झालं, आता हा तिसरं कुणाचं मागतोय? टाइमकीपर वैतागला. "कुठला तू?" आजोबांनी गावाचं नाव सांगितलं. त्यानं त्याला 'कर' जोडून लिहून टाकलं. मग मान वर करून रांगेकडं बघितलं आणि विचारलं, "सगळे तिथलेच ना?" पुढच्यानं हो म्हटलं. झालं, बाकीच्यांना त्यानं विचारलंही नाही. कुणाचं कूळ कुठलंही असो, सगळ्यांना एकच आडनाव.

आता रांगेतला शेवटचा माणूस त्या गावचा नव्हताच. तो सीमेपलीकडचा, कानडी मुलखातला. वाटेत भेटला, एकमेकांची भाकरी खाल्ली आणि बरोबर आला. त्याच्या कानावर आपलं नवं आडनाव पडलं तेव्हा तो हात जोडून म्हणाला, "साहेब, मी त्या गावचा न्हाय." टाइमकीपरनं पुस्तक मिटलं आणि म्हणाला, "आता झालास!"

या 'आता झालास'वर बाबा मांडीवर थाप मारायचे आणि सगळी बैठक हसायची. मी ही गोष्ट किती वेळा ऐकली असेल याला हिशेब नाही. मग कधीतरी बाबांनी ती सांगणं सोडून दिलं. पाहुण्यांनी आग्रह केला तर म्हणायचे, "राहू द्या, जुनं झालं ते." त्याच सुमाराला गिरणी बंद पडली होती. आम्हाला वाटलं, त्याचंच वाईट वाटत असेल.

गेल्या वर्षी माझ्या भाचीचं लग्न ठरायची वेळ आली. भाची म्हणजे माझ्या भावाची मुलगी. मी लग्न केलं नाही, त्यामुळं तिची आत्याही मी आणि अर्धी आईही मीच. ती एका ऑफिसात कामाला आहे. तिथल्याच एका मुलाशी तिचं जमलं. जमलं कसं, तर तिच्या नावानं येणारी पार्सलं सारखी त्याच्या टेबलावर जायची, कारण दोघांचं आडनाव एक. पार्सलं पोचवता पोचवता व्हायचं ते झालं.

मुलगा चांगला, जात एक, घर माहितीतलं. पण माझ्या भावानं आडनाव ऐकलं आणि चहाचा कप खाली ठेवला.

"आपल्यात एका आडनावात सोयरीक करत नाहीत," तो म्हणाला. "पत्रिकेत दोन्हीकडं एकच आडनाव छापायचं? लोक विचारतील, भावा-बहिणीचं लग्न लावताय का म्हणून."

भाचीनं मोबाइलवर आडनावांचे अर्थ सांगणारी कसलीशी साइट काढून दाखवली. त्यात लिहिलं होतं, या आडनावाची माणसं शूर, हळवी आणि व्यवहारचतुर असतात, त्यांचा शुभ रंग निळा. भावानं ते वाचलं आणि आणखीच चिडला. त्यानं गावाकडं चुलत्यांना फोन लावला. हे आमच्या भावकीतले सगळ्यांत थोरले, त्यांचा शब्द शेवटचा. फोन स्पीकरवर होता. ते एकच वाक्य बोलले, "भन-भाऊ हाईत ती, लगीन कसलं लावताय?" आणि फोन ठेवला.

भाची माझ्याकडं बघायला लागली. रडली नाही. नुसती बघत होती. मला तिथं बसवेना. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगीचच भांडी आवरायला लागले, कारण हे सगळं मी आधी बघितलं होतं.

छत्तीस वर्षांपूर्वी मी नुकतीच शाळेत लागले होते. नवी पेठेतल्या एका कापडदुकानातला माणूस गणवेशाच्या कापडाचे नमुने घेऊन शाळेत यायचा. त्याचंही आडनाव आमचंच. तो नमुने दाखवायला आला की लवकर जायचा नाही आणि मीही नमुने लवकर पसंत करायची नाही. दोनदा आम्ही उसाचा रस प्यायलो. बाहेर जाऊन केलं म्हणावं असं तेवढंच. दिवाळीनंतर त्याच्या घरचे रीतसर मागणी घालायला आले. बाबांनी आडनाव ऐकलं, पाहुण्यांना पाणी दिलं, चहा दिला आणि मग सांगितलं, "एका आडनावात होत नाही. क्षमा करा."

त्यांनाही आपलं कूळ वेगळं आहे असं दाखवता येईना. त्याचे आजोबा गिरणीत होते, लवकर वारले. गाव कुठलं, कूळ कुठलं, घरात कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. आडनाव तेवढं ठाऊक होतं, आणि तेच आडवं आलं. वैशाखात त्याचं दुसरीकडं लग्न झालं. तो पुण्याला गेला.

आणि मी? मी काय केलं? काही नाही. ज्या बाईनं हजेरीपुस्तकाची गोष्ट शंभरदा ऐकली, 'आता झालास'वर हसून हसून डोळे पुसले, तिला त्या दिवशी हे सुचलं नाही, की अहो बाबा, हे आडनाव तर टाइमकीपरनं दिलेलं! ना मला सुचलं, ना बाबांना, ना आईला. गोष्ट हसण्यासाठी होती आणि लग्न ही गंभीर बाब होती. दोन्हींचा संबंध आम्ही लावलाच नाही. पुढं माझ्यासाठी स्थळं आली. बाबा नाही म्हणाले होते ना, मग मीही नाही म्हणायला शिकले. मला ते चांगलं जमलं. दोन-तीन वर्षांनी स्थळं यायची बंद झाली. मी काही कुढत बसले नाही. नोकरी केली, भावाची पोरं वाढवली, बाबांचं शेवटचं दुखणं काढलं. पण राग होता. अजून आहे.

तर त्या दिवशी भांडी आपटता आपटता मला छत्तीस वर्षं उशिरा सुचलं. मी बाहेर आले आणि भावाला म्हटलं, "आडनाव गिरणीचं आहे, रक्ताचं नाही. कूळ बघायचं तर हेळव्याला विचार."

हेळवी म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांभाळणारी माणसं. त्यांची गावं वाटून दिलेली असतात. सुगी झाली की बापाच्या वह्या घेऊन लेक येतो. पूर्वी घंटा बांधलेल्या बैलावरून यायचे, आता मोटारसायकलवरून. चार-पाच वर्षांतून एकदा. घरातल्यांना समोर बसवून पहिल्या पुरुषापासून नावं वाचतात, मधल्या काळात झालेली पोरं लिहून घेतात आणि धान्य, कापड, भांडं, जे द्याल ते दान घेतात. त्या दानाचीही वहीत नोंद असते. दुसऱ्याच्या घराचं कूळ विचारायचं असेल तर त्याचं दान वेगळं द्यावं लागतं.

भाऊ आधी कुरकुरला. मग म्हणाला, "आणि एकच कूळ निघालं तर?"

"तर मीच तिला सांगीन," मी म्हटलं. "पण विचारल्याशिवाय नाही म्हणायचं नाही. या घरात एकदा झालं तेवढं पुरे."

तो माझा धाकटा भाऊ. त्या वेळी कॉलेजात होता, त्याला सगळं माहीत आहे. त्यानं फोन उचलून गावाकडं सांगून ठेवलं, हेळवी आला की कळवा.

मार्चमध्ये गावाकडून निरोप आला, हेळवी आलाय. मी, भाऊ आणि मुलाचे वडील अशी तिघं गाडीनं गेलो. ज्वारी काढून झाली होती आणि रानं मोकळी पडली होती. हेळवी देवळाच्या ओट्यावर बसला होता, साधारण माझ्याच वयाचा. शर्ट-पँट, डोक्याला रुमाल, पुढ्यात कापडात बांधलेल्या वह्या. चुलते शेजारी खुर्ची टाकून बसलेले, चेहरा असा की निकाल आधीच लागलाय.

"बर्री अक्का, कूड्री," हेळवी कानडीत म्हणाला. मी बसले.

आधी त्यानं मुलाच्या घराची वही काढली. मुलाच्या वडिलांनी आजोबा-पणजोबांची नावं सांगितली. हेळव्यानं बोट फिरवत फिरवत घर शोधलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. कूळ सांगितलं. मग आमची वही काढली. आमचं कूळ सांगितलं. दोन्ही वेगळी. देवक वेगळं, मूळ ठिकाण वेगळं. आमचं कूळ एका भाजीच्या नावाचं निघालं, हे इथं सांगायला हरकत नाही. ग्रुपवरच्या घोड्याचं मला फार वाईट वाटलं.

चुलत्यांनी दोनदा विचारलं, "बघ की नीट."

"नीटच हाय, अज्जा. रगत न्यारं, कूळ न्यारं. सोयरीक करा खुशाल."

मुलाच्या वडिलांनी माझ्या भावाचा हात धरला. भाऊ हसत होता, डोळे पुसत होता, भाचीला फोन लावत होता आणि रेंज नाही म्हणून ओट्यावरून खाली-वर करत होता. इतकं सोपं होतं ते. अर्ध्या तासाचं काम.

हेळवी आमच्या घराची वही मिटायला निघाला आणि शेवटच्या पानावर थांबला. "अक्का, तुमच्या वडलांचं एक दान दिसतंय हितं. माझ्या बापाच्या हातचं हाय. पितळी पातेलं, एक. दुसऱ्या घराचं इचारल्याबद्दल."

"चुलत्यांनी दिलं असेल," मी म्हटलं.

"न्हाय न्हाय. तुमच्या घरचं दान जोंधळ्यात आलंय, ते वर लिवलंय. पातेलं न्यारं. वडील सोलापुराहून एकटेच आलते." त्यानं साल सांगितलं.

मी हिशेब केला. ज्या वैशाखात त्या कापडदुकानातल्या माणसाचं लग्न झालं, त्याच्या पुढच्या सुगीचं ते साल.

पातेलं मला आठवलं. आईच्या माहेरचं होतं, काठावर तिच्या वडलांचं नाव कोरलेलं. एक दिवस ते फळीवर नव्हतं. बाबा म्हणाले, कल्हईला दिलंय. ते परत आलंच नाही. कल्हईवाल्यानं लांबवलं म्हणून आई वर्षानुवर्षं त्याच्या नावानं बोटं मोडत होती.

"कुठल्या घराचं विचारलं त्यांनी?" मी विचारलं. भाऊ फोन खाली करून माझ्याकडं बघायला लागला.

हेळव्यानं दुसरी एक वही सोडली, बराच वेळ शोधलं, आणि घर सांगितलं. कापडदुकानातल्या त्या माणसाचं.

"त्ये घर ह्या गावचं न्हवंच, अक्का," तो म्हणाला. "सीमेपल्याडचं गाव त्येंचं. त्ये बी आमच्याकडंच हाय, म्हनून ठावं. त्या घरातला एकजण दुष्काळात तुमच्या मानसांसंगं सोलापूरला गेला. गिरनीत गेला आनि तितं त्याला ह्या गावाचं नाव लागलं."

रांगेतला शेवटचा माणूस. आमच्या घरात ज्याच्यावर इतकी वर्षं हसलो, तो त्याचा आजोबा होता. बाबांनी त्याच्या नातवाला 'एका आडनावात होत नाही' म्हणून परत पाठवलं होतं.

आणि बाबांना ते कळलं होतं. मी एकामागून एक स्थळांना नाही म्हणत होते तेव्हा त्यांना बहुतेक चैन पडेना. बायकोचं माहेरचं पातेलं उचलून, कुणाला न सांगता ते इथवर आले आणि याच ओट्यावर बसून त्यांनी हे ऐकलं. तोवर तिकडं लग्न होऊन वर्ष होत आलं होतं. मग ते घरी आले आणि गोष्ट सांगणं बंद केलं. पुढं वीस वर्षं ते माझ्या हातचं जेवले आणि एक अक्षर बोलले नाहीत.

येताना गाडीत भाऊ म्हणाला, "आक्का, त्यांनी सांगायला पाहिजे होतं."

"सांगून काय झालं असतं?" मी म्हटलं. पण झालं असतं. मला कळलं असतं, की त्यांना कळलंय. तेवढं तरी माझ्या वाट्याला यायला हवं होतं. मला बाबांचा फार राग आला, आणि त्याच वेळी ते सुगीच्या उन्हात पिशवीत पातेलं घालून एकटे एसटीत बसलेत असं सारखं दिसत राहिलं. दोन्हींतल्या कशाचं रडू येतंय ते मला कळत नव्हतं.

घरी आल्यावर भाचीनं मला उचलायचं तेवढं बाकी ठेवलं. ती म्हणाली, "आत्या, लग्नानंतर मला आधार कार्डसुद्धा बदलायला नको!" त्यावर सगळे हसले. मी आईच्या खोलीत गेले. ती आता पंच्याऐंशीच्या पुढं आहे, पण कान शाबूत आहेत. तिला मी सगळं सांगितलं. वही, पातेलं, ते घर.

ती पदराचं टोक चाळवायला लागली.

"म्हंजे कल्हईवाल्यानं न्हेलं न्हवतं," ती म्हणाली.

"नाही."

"दर वर्साला दारात यायचा गं त्यो. म्या चोर म्हनून हाकलायची. गल्लीत सगळ्यांना सांगितलं, त्याला भांडं देऊ नगा. त्यो शपथ घ्यायचा, रडायचा. मग यायचाच बंद झाला."

"तेव्हा बाबा कुठं असायचे?"

"कुटं म्हंजे? हितंच की. आत बसून ऐकायचे." तिनं माझ्याकडं बघितलं. "मला वाटायचं, मी एवढी भांडतीया, ह्यो मानूस उटून एक शबूद का बोलंना?"

भाचीच्या साखरपुड्याला मुलाकडच्या एका म्हाताऱ्यानं विचारलंच, दोन्हीकडं एकच आडनाव कसं हो? भावानं माझ्याकडं बघितलं. मी मांडी बदलली आणि हजेरीची गोष्ट सांगितली. दुष्काळ, रांग, टाइमकीपर, सगळं बाबांसारखं. शेवटचा माणूस हात जोडून म्हणाला, "साहेब, मी त्या गावचा न्हाय." इथवर आले आणि पुढचं वाक्य मला सांगता येईना. सगळे हसायला तयार होऊन बसले होते. मग कोपऱ्यातून आईच म्हणाली, "त्यो खरं सांगत हुता."